मस्जिदीची टाकी आणि थंडीतला सब्र

आमच्याकडे ‘क्युरिंग’ म्हटलं की मिस्त्री पाण्याचा पाइप उचलतो. स्लॅब असो की प्लास्टर, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, पोती ओली ठेवायची. इपॉक्सीचं क्युरिंग याच्या अगदी उलट. तिथं पाण्याचा थेंब नको. लागते ती ऊब आणि लागतो तो वेळ. शब्द एकच, पण या एका शब्दावरून यंदा जानेवारीत आमच्या मोहल्ल्यात तीन आठवडे वाद चालला. मस्जिदीची टाकी कधी भरायची, एवढाच प्रश्न होता. पण त्यात पोरांचं पिण्याचं पाणी होतं, टाकीत उतरणाऱ्या मजुराचा जीव होता आणि रमजान तोंडावर आला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

या ब्लॉगवर मी एरवी भाषेबद्दल, शिक्षणाबद्दल, आपल्या समाजातल्या रोजच्या गोष्टींबद्दल लिहितो. रंगाच्या डब्यावर कसला लेख, असं कुणाला वाटेल. पण माझं पोट याच डब्यावर भरलं आहे. अब्बा पांढरकवड्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी रंगच धरला, पण पाट्यांचा नाही, टाक्यांच्या आतला. पंधरा वर्षं आखातात तेलाच्या आणि पाण्याच्या टाक्यांना आतून लायनिंग करत होतो. तिथं आमचा दुश्मन उन्हाळा होता. पंचेचाळीस अंशांत मिसळलेला माल वीस मिनिटांत बादलीतच तापायचा, धूर सोडायचा आणि दगड व्हायचा. गावी परतल्यावर पहिल्यांदा उलटी तक्रार ऐकली, की माल वाळतच नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, विदर्भ म्हणजे फक्त ऊन. आमची थंडी त्यांना माहीत नसते. डिसेंबर २०१८च्या अखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पांढरकवडा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, नागपूरपासून दीडेकशे किलोमीटर. एका बाजूला टिपेश्वरचं जंगल, गावाला लागून खुनी नदी. जानेवारीत दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश आणि पहाटे आठ-नऊ, असा खेळ रोजचा. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी पऱ्हाटीच्या शेकोटीशी बसलेल्या असतात आणि दुपारी त्याच डोक्यावर पदर ओढून ऊन टाळतात. माणूस हे निभावून नेतो. इपॉक्सीला ते जमत नाही.

आमच्या मस्जिदीच्या वजूखान्यावर सिमेंटची जुनी टाकी आहे. सोळा फूट लांब, दहा फूट रुंद, पाच फूट उंच. म्हणजे साधारण बावीस हजार लिटर. वरून स्लॅब, आणि आत जायला दोन फुटांचं झाकण. गेल्या पावसाळ्यात तिच्या खालच्या बाजूला ओल धरली, गंज फुटला, प्लास्टरचे पोपडे पडू लागले. याच टाकीचं पाणी वजूला जातं, मागच्या मकतबातल्या पोरांच्या माठात जातं, आणि उन्हाळ्यात वजूखान्याबाहेरच्या नळावर रस्त्यानं जाणारा कुणीही ओंजळ धरतो. त्यामुळे ही काही नुसती हातपाय धुण्याची टाकी नव्हे.

जुन्या लोकांनी पाण्याच्या जागा कशा केल्या, हे पाहण्यासारखं आहे. औरंगाबादची पाणचक्की घ्या, नाही तर कुठल्याही जुन्या मस्जिदीचा हौद घ्या. आतून चुन्याचा गिलावा. चुना पिकतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून. त्याला महिने लागतात आणि जुने कारागीर ते महिने देत असत. गंमत अशी, की ज्या वायूनं चुना पक्का होतो त्याच वायूनं थंडीत इपॉक्सी बिघडते. ते पुढे सांगतो.

इपॉक्सी ही तशी अलीकडची चीज. १९३०-४०च्या दशकांत स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे तिच्यावर काम केलं. डबे दोन असतात. एक बेस, म्हणजे रेझिन. दुसरा हार्डनर. बेसच्या रेणूच्या टोकांना ताणलेल्या छोट्या कड्या असतात. हार्डनरमधलं अमाइन त्या कड्या उघडतं आणि एकमेकींत गुंतवतं. गुंतता गुंतता सगळीकडे जाळं विणलं जातं. म्हणून इपॉक्सी ‘वाळते’ म्हणणं चूक आहे. ऑइलपेंटसारखं तिच्यातून थिनर उडून जायचं नसतं. ती पिकते. आणि पिकायला ऊब लागते. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की पिकायचा वेग जवळपास निम्मा होतो. साध्या हार्डनरच्या कागदावर दहा अंशांखाली काम करू नका, असं बहुधा लिहिलेलंच असतं. पंचवीस-तीस अंशांत सात दिवसांत पाण्यासाठी तयार होणारं लायनिंग दहा-बारा अंशांत दोन-तीन आठवडे घेऊ शकतं.

थंडीत यावर कारागीर दोन उपाय करतात आणि दोन्ही घातक आहेत. पहिला, हार्डनर थोडा जास्त टाकायचा. सिमेंटमध्ये सिमेंट जास्त टाकलं तर मजबुती येते, तसं इथंही होईल असा अंदाज. पण बेस आणि हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं. जास्तीच्या हार्डनरला धरायला कडीच उरत नाही, तो जाळ्यात मोकळा पडून राहतो आणि पुढे पाण्यात उतरतो. दुसरा उपाय थिनरचा. थंडीत माल मधासारखा घट्ट होतो, ब्रश ओढत नाही, मग थिनर ओतायचं. जाड थरात ते थिनर कोंडून राहतं. वर साय धरते, आत ओलं. पाण्याच्या टाकीसाठी जो बिनथिनरचा माल येतो, त्यात थिनर टाकायचं कामच नाही. घट्ट वाटत असेल तर डबे आदल्या रात्री घरात, उबेत ठेवायचे. आमच्या घरी त्या आठवड्यात बैठकीत पाहुण्यांऐवजी डबे झोपले.

तिसरा उपाय खरा आहे, तो म्हणजे थंडीचा वेगळा हार्डनर. त्याची गोष्ट सांगितली की लोक हसतात. तो काजूच्या टरफलापासून बनतो. काजू फोडताना हात भाजणारं जे काळं तेल निघतं, त्यातल्या कार्डेनॉलपासून फेनाल्कामाइन नावाचा हार्डनर तयार करतात. तो पाच अंशांच्या आसपासही काम करतो आणि थोडा ओलावाही सोसतो. ज्या तेलानं कोकणात काजू फोडणाऱ्या बायांची बोटं काळी पडतात, तेच तेल थंड मुलखात जहाजांच्या आणि टाक्यांच्या कामी येतं. पण आम्हाला तो मिळाला नाही. नागपूरच्या दुकानदारानं मुंबईहून मागवायला तीन आठवडे सांगितले. कमिटीला तेवढी उसंत नव्हती. रमजान १९ फेब्रुवारीच्या आसपास, त्याआधी पंधरा दिवसांवर शब-ए-बरात, आणि त्या रात्री मस्जिद भरलेली असते. तेव्हा मी साध्या हार्डनरला होकार दिला, पण अटी घालून.

अट पहिली, प्लास्टरला अठ्ठावीस दिवस. ते नोव्हेंबरात झालं होतं, म्हणून ही अट निभली. पाणी भरून गळती पाहिली, टाकी रिकामी केली, वाळू दिली. मग भिंतीवर आणि तळाला दीड फुटाचे प्लास्टिकचे तुकडे चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवले. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले तर सिमेंट अजून ओलं आहे, असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा तळाला थेंब होते. आणखी पाच दिवस थांबलो. दुसऱ्यांदा कोरडं निघालं. मग ग्राइंडरनं वरची भुसभुशीत साय काढली, धूळ ओढून घेतली.

अट दुसरी, काम फक्त सकाळी अकरा ते दुपारी दोन. याचं कारण दव. माझ्याबरोबर दोन हेल्पर होते. एक मोहल्ल्यातला, एक जवळच्या तांड्यावरचा. मालाच्या डब्याबरोबर येणारा कागद इंग्रजीत असतो, तो मी त्यांना मराठीत वाचून दाखवत होतो. ‘ड्यू पॉइंट’ शब्द आला तसा तांड्यावरचा पोरगा म्हणाला, “चाचा, हा तर दवबिंदू. भूगोलात होता.” त्यानं दहावीनंतर शाळा सोडली होती, पण धडा ध्यानात होता. नियम असा आहे, की भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त पाहिजे. सकाळी सातला आम्ही मोजलं. हवा बारा अंश, आर्द्रता पंच्याऐंशी टक्के, म्हणजे दवबिंदू साडेनऊ. भिंत अकरा. फरक दीड अंशाचा. त्या भिंतीवर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसायला वेळ लागला नसता. दुपारी बाराला हवा सव्वीस, आर्द्रता चाळीस टक्के, दवबिंदू साडेअकराच्या खाली आणि भिंत एकवीस. आता खुशाल ब्रश चालवा. पोरानं दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहिले. पुढचे वीस दिवस ती वही त्याच्याचकडे होती.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हवेचं तापमान आणि भिंतीचं तापमान वेगळं असतं. दुपारी गच्चीवर घाम येत असला तरी उत्तरेकडची भिंत रात्रीची थंडी धरून बसलेली असते. आमच्या टाकीत दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या भिंतीत दुपारी पाच-सहा अंशांचा फरक असायचा. एकाच टाकीत जणू दोन गावं.

अट तिसरी, रात्री टाकी दहा अंशांखाली जाऊ द्यायची नाही. यासाठी मोहल्ला उठला. मंडपवाल्यानं जुन्या गाद्या दिल्या, घराघरांतून फाटक्या रजया आल्या. टाकी चारी बाजूंनी गुंडाळून वरून ताडपत्री बांधली. एका खालाजाननं रजई देताना विचारलं, “बेटा, टाकीलाही सर्दी होते का?” मी म्हटलं, “होते खाला, आणि तिची सर्दी आपल्या पोटात जाते.” झाकणाबाहेर विजेचा हीटर ठेवला आणि कूलरचा पंखा लावून गरम हवा आत सोडली. उन्हाळ्यात गारवा देणारा कूलर आमच्याकडे घरोघरी असतो. खस काढून टाकली की हिवाळ्यात तो असा उपयोगी पडतो.

याच टप्प्यावर पहिला मोठा वाद झाला. कमिटीतले एक बुजुर्ग म्हणाले, “इतना झंझट कशाला? दोन शेगड्या आत ठेवा. रातभर कोळसा पेटेल, सकाळपर्यंत काम तमाम.” बोलणं साधं होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घरात थंडीत शेगडी ठेवणारे ते एकटे नव्हेत.

मी त्यांना बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप येते, आणि तो उठत नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडून शेगडी लावून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. सकाळी माझा पोरगा कोट पाहायला त्या टाकीत उतरणार. दोन फुटांच्या झाकणातून बेशुद्ध माणूस वर काढता येत नाही. त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि एकाचे दोन होतात. दुसरी गोष्ट मालाची. कोळसा जळताना कार्बन डायऑक्साइड निघतो. रॉकेलच्या किंवा गॅसच्या हीटरमधून त्याच्या जोडीला पाण्याची वाफही निघते. थंडीत पिकायला वेळ लावणाऱ्या इपॉक्सीच्या वर अमाइन तरंगून येतं आणि ते या दोघांशी संगनमत करून पांढुरका, साबणासारखा बुळबुळीत थर बनवतं. त्याच्यावर दुसरा कोट मारला तर तो सालीसारखा निघून येतो. चुन्याला जो वायू पिकवतो तो इपॉक्सीला कसा बिघडवतो म्हणालो होतो, ते हे.

बुजुर्ग थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पहिली बातच काफी थी.” शेगडीचा विषय संपला.

बंद जागेतल्या विषारी वायूंबद्दल १९४८च्या कारखाने कायद्यात कलम ३६ लिहिलं गेलं. कारखान्यात टाकीत माणूस उतरवण्याआधी हवा तपासायची, कमरेला दोर बांधायचा, बाहेर माणूस उभा करायचा. पण मस्जिदीची, मंदिराची, घराची टाकी म्हणजे कारखाना नव्हे. तिथं कायद्याचा माणूस येत नाही. तिथं उतरणारे बहुतेक वेळा आपलेच असतात, गरीब घरचे, रोजंदारीचे. म्हणून मी नियमच केला. एक आत, तर एक झाकणाशी. त्यानं फोन पाहायचा नाही, चहाला जायचं नाही, आतल्याशी बोलत राहायचं. दोर बांधलेला. ब्रश धुण्याचं थिनर टाकीच्या आसपास आणायचंच नाही. आत कुणी असेल तोवर ताजी हवा चालू. दोन्ही पोरांना सुरुवातीला हा तमाशा वाटला. मी आखातात काय काय पाहिलं, ते एका संध्याकाळी त्यांना सांगितलं. ते इथं लिहीत नाही. त्यानंतर दोर त्यांनी स्वतःच बांधला.

प्रायमर ५ जानेवारीला, पहिला कोट ७ ला, दुसरा ८ ला झाला. सगळा मिळून पंचवीस लिटर माल. ८ तारखेच्या रात्री दोन वाजता लाइट गेली आणि सकाळी सातला आली. हीटर बंद, पंखा बंद. रजया होत्या म्हणून टाकी अगदीच गारठली नाही, पण वहीत सकाळचा उत्तरेच्या भिंतीचा आकडा आठ आहे. कोट मारून जेमतेम बारा तास झाले होते. भिंतीवर हात फिरवला तर बोटांना तेलकट लागलं. तो थर पाण्यात विरघळतो, थिनरनं पुसला तर नुसता पसरतो. म्हणून आम्ही थांबलो, कोट नख न घेण्याइतका कडक होऊ दिला आणि मग कोमट पाणी, थोडा साबण आणि नायलॉनच्या घासणीनं उत्तरेची आणि पश्चिमेची भिंत तीनदा धुतली.

१६ जानेवारीला जुमा होता. आठ दिवस झाले होते. सदरसाहेब स्वतः वर चढले, आत वाकून भिंतीवर नख ओढलं, बोटाच्या गाठीनं टकटक केली. काचेसारखा आवाज आला. “पत्थर झालाय,” ते म्हणाले. “आज असरनंतर मोटर लावू.” खाली दहा-बारा माणसं उभी होती. दीड महिन्यापासून लोक एका काळ्या प्लास्टिकच्या टाकीवर वजू करत होते. जुम्याला रांग रस्त्यापर्यंत जायची. म्हाताऱ्यांना थंड पाण्यात तिष्ठत बसावं लागायचं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

पण कडक होणं आणि पिकणं या दोन गोष्टी आहेत. थंडीत जाळं अर्धंमुर्धं विणून झालं की माल इतका घट्ट होतो, की उरलेल्या रेणूंना हलायलाच जागा राहत नाही. बाहेरून दगड. आत मात्र जोडायची राहिलेली टोकं तशीच अडकून पडलेली. पुन्हा ऊब मिळाली तर ती हलतात आणि विणकाम पुढे सरकतं. पाणी भरलं तर ती पाण्यात उतरतात. नख हे ओळखू शकत नाही. ते ओळखायची साधी रीत आहे. पांढरा सुती कपडा एमईके नावाच्या तीव्र थिनरमध्ये भिजवून एकाच जागी पन्नास वेळा पुढे-मागे घासायचा. ते करताना ताजी हवा चालू, हातमोजे आणि मास्क. पूर्ण पिकलेला थर कपड्याला रंग देत नाही.

मी सदरसाहेबांसमोर दोन कपडे घेतले. दक्षिणेच्या भिंतीवर घासलेला पांढराच राहिला. उत्तरेच्या भिंतीवर घासलेला निळसर झाला, आणि भिंत जिथं घासली तिथं चिकट लागली. दोन्ही कपडे खाली नेऊन मी लोकांपुढे ठेवले. एक तरुण म्हणाला, “भाई, वजूच तर करायचाय. कोण पितंय?” तेवढ्यात मकतबातलं एक पोरगं माठातून ग्लास भरून निघालं. मला काही बोलायची गरज पडली नाही.

इमामसाहेब सगळं ऐकत होते. मी त्यांना मसला विचारला. आपल्याकडे हनफी फिकहमध्ये दह-दर-दह, म्हणजे दहा हात बाय दहा हात हौद वाहत्या पाण्यासारखा मानतात. त्यात घाण पडली तरी जोवर पाण्याचा रंग, चव आणि वास यातलं काही बदलत नाही, तोवर ते पाक. लहानपणी मकतबात हे पाठ केलं होतं. आज तीच तीन नावं पाण्याच्या कुठल्याही तपासणीत सुरुवातीला सापडतात. भारतीय मानक आयएस १०५०० मध्येही पिण्याच्या पाण्याचा रंग, वास, चव यांची नोंद आहे. इमामसाहेब म्हणाले, “आपली टाकी तेवढी मोठी नाही. आणि हा वास नापाक चीजेचा नाही, तेव्हा वजू होऊन जाईल. पण वजू होणं वेगळं आणि लोकांना नुकसान पोहोचवणं वेगळं. टाकी अमानत आहे.” मग त्यांनी खुतब्याआधी मराठीत आणि उर्दूत जाहीर केलं, की पुढच्या जुम्यापर्यंत ज्याला जमेल त्यानं घरून वजू करून यावं.

लोक नाराज झाले, पण त्यांनी ऐकलं. २३ जानेवारीच्या जुम्याला निम्म्याहून जास्त माणसं घरून वजू करून आली. शेजारच्या एका मराठा कुटुंबानं आपल्या बोअरचा पाइप भिंतीवरून टाकून दिला. “भाऊ, रमजानाआधी होऊन जाईल ना?” ते रोज विचारायचे. त्यांच्या घरचं लग्न फेब्रुवारीत होतं आणि आमच्या गाद्या त्यांच्या मंडपाला लागणार होत्या, हेही एक कारण होतं.

मधल्या दिवसांत आम्ही दुपारचं ऊन वापरलं. उत्तरेकडची ताडपत्री दहा ते चार काढायची, चारला पुन्हा गुंडाळायची. गरम हवेचा पाइप उत्तरेच्या भिंतीकडे वळवला. रात्री दोघं पोरं आळीपाळीनं वजूखान्यात झोपली. लाइट गेली तर जनरेटर सुरू करायचा, एवढंच काम. २४ तारखेला पुन्हा कपडा घासला. पांढरा राहिला. चारी भिंतींवर, तळावर, कोपऱ्यांत, अकरा ठिकाणी घासला. मग टाकी धुतली, भरली, एक दिवस ठेवून सगळं पाणी ओतून दिलं. ते बागेला, नालीला. पुन्हा भरली, क्लोरीन टाकून निर्जंतुक केली, पुन्हा रिकामी केली. तिसऱ्यांदा भरली.

शेवटची परीक्षा नाकाची होती. काचेच्या दोन बाटल्या घेतल्या, एकीत टाकीचं पाणी, दुसरीत बोअरचं. झाकण लावून रात्रभर ठेवल्या. सकाळी आमच्या गल्लीतल्या अत्तरवाल्या चाचांना हुंगायला दिल्या. कोणती कुठली ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी दोन्ही तीनदा हुंगल्या, मध्ये कॉफीचा डबा हुंगला, आणि म्हणाले, “दोनो एक हैं.” ३० जानेवारीच्या जुम्याला नळ सुरू झाले.

टाकी चांगली झाली म्हणून पाणी चांगलं झालं, असं मात्र कुणी समजू नये. आमच्या केळापूर तालुक्यात आणि शेजारच्या झरी-जामणीत बऱ्याच गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. मानक सांगतं लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. दातांवर पिवळे पट्टे असलेली पोरं इथं परकी नाहीत. इपॉक्सी फ्लोराइड अडवत नाही. तिनं एवढंच करायचं, की पाण्यात स्वतःचं काही मिसळायचं नाही. बोअरच्या पाण्याची तपासणी हे कमिटीचं पुढचं काम आहे आणि तसा ठरावही झाला आहे.

हे मी का लिहिलं? चंद्राचं वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दर वर्षी मागे सरकतो आहे. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस येईल आणि २०३० मध्ये एकाच इंग्रजी वर्षात दोनदा, जानेवारीत आणि डिसेंबरात. म्हणजे पुढची काही वर्षं गावोगावच्या कमिट्या मस्जिदीची डागडुजी नेमकी कडाक्याच्या थंडीत काढणार. जमलं तर लायनिंगचं काम ऑक्टोबरात उरका. पाऊस संपलेला असतो, भिंती गरम असतात. नाहीच जमलं, तर काजूवाला हार्डनर दोन महिने आधी मागवा.

आणि ठेकेदाराला चार प्रश्न विचारा. माल पिण्याच्या पाण्यासाठीचा आहे का, त्याचा कागद दाखव. रात्री भिंतीचं तापमान किती उतरतं, ते मोजलं का? पांढरा कपडा घासून दाखवशील का? टाकीत माणूस असताना झाकणाशी कोण उभं राहणार? मालाचा इंग्रजी कागद मी मराठीत उतरवला आहे, दीड पानाचा. तांड्यावरच्या पोरानं तो स्वच्छ अक्षरात लिहून काढला आणि दवबिंदूचा तक्ता त्यानंच जोडला. परवा घाटंजीकडच्या एका देवस्थानानं त्याला टाकीचं काम विचारलं. आगाऊ रक्कम घेण्याआधी त्यानं मला फोन केला, “चाचा, तुमचा थर्मामीटर आठवडाभर लागेल.” मी तो त्याला देऊन टाकला.